चारीच्या टेलवरून राजकीय तत्त्वज्ञान

बारावीचा निकाल लागला की पंधरा-वीस दिवस माझा फोन वाजतच राहतो. "मॅडम, लेक बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायचं म्हणायली. स्कोप हाय का त्याच्यात?" मानवतहून, सेलूहून, गंगाखेडहून, कधी पार हदगावकडून. दरवेळी फोनवर घाईघाईत काहीतरी सांगते आणि ठेवल्यावर वाटत राहतं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून या वर्षी लिहूनच काढायला बसले.

आमचं गाव पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एका चारीच्या टेलला. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा फाटा, आणि टेल म्हणजे त्याचं शेवटचं टोक, जिथे पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं. मी बी.ए. परभणीत केलं, एम.ए. २०१४ ते २०१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, तेव्हाच्या औरंगाबादेत. आता एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. स्कोपचा प्रश्न मी विचारलेलाही आहे आणि अंगावर घेतलेलाही आहे. त्याचं उत्तर खाली देणार आहे, काही झाकून न ठेवता. पण आधी या विषयात शिकायचं काय असतं ते सांगते, कारण ते कळायच्या आतच पुष्कळांची तीन वर्षं सरतात.

मी आधी सायन्सची. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून लातूरला अकरावीला घातलं. कॉट बेसिसवर रूम, मेसचा डबा, पहाटे पाचला उठणं, रविवारी टेस्ट. लातूर पॅटर्नला नावं ठेवणारी मी नाही. रोज बसून अभ्यास करायचा असतो, ही सवय मला तिथेच लागली आणि ती आजही पुरते आहे. पण त्या दोन वर्षांत ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही असा एकही प्रश्न माझ्यासमोर आला नाही. मेडिकलला नंबर लागला नाही, रिपीट करायला घरी पैसे नव्हते, आणि मी परभणीला बी.ए.ला नाव घातलं. गावात महिनाभर त्याचीच चर्चा होती.

बी.ए.ची तीन वर्षं मी गाईडवर काढली. 'प्लेटोची न्यायविषयक संकल्पना स्पष्ट करा' या प्रश्नाचं सात मुद्द्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे. प्लेटोचं एक वाक्यही न वाचता मला त्या पेपरला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात आमचे एक सर वर्गात आले आणि नोट्स न देता प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या पानाच्या झेरॉक्स वाटल्या. इंग्रजीत. वर्ग मराठी माध्यमाचा, सगळ्यांची तोंडं उतरली. सर म्हणाले, एकेक वाक्य वाचू, घाई नाही. पहिल्या पानावर घडतं ते एवढंच: सॉक्रेटिस पिरेयस बंदरातल्या देवीच्या उत्सवाला गेलेला असतो. तो अथेन्सला परत निघतो, तर रस्त्यात पोलेमार्कसची मंडळी त्याला गाठतात. आम्ही किती जण आहोत ते बघ, म्हणतात. एक तर आमच्यावर मात कर, नाही तर मुकाट्यानं इथेच थांब. सॉक्रेटिस विचारतो, तिसरा मार्ग नाही का, आम्हाला जाऊ द्यावं हे तुम्हाला पटवून देण्याचा? त्यावर समोरून प्रश्न येतो, आम्ही ऐकूनच घेतलं नाही तर?

सरांनी कागद खाली ठेवला. "यात राजकारण कुठंय ते सांगा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कन्नड तालुक्याकडचा एक मुलगा चाचरत म्हणाला, "सर, हे तर आमच्या ग्रामसभेसारखंच झालं. ज्याच्याकडं पोरं जास्त त्याचा ठराव." सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी चार शब्द लिहिले: संख्या, बळ, पटवणं, ऐकणं. आणि म्हणाले, अडीच हजार वर्षांचं राजकीय तत्त्वज्ञान या चार शब्दांच्या भांडणात आहे, आता पुढचं वाक्य वाचा.

त्या दिवशी रात्री हॉस्टेलवर मी ते पान पुन्हा वाचलं. बी.ए.ला तीन वर्षं जे नाव लिहीत होते त्या माणसाशी माझी पहिली भेट त्या रात्री झाली.

'रिपब्लिक'च्या त्याच पहिल्या भागात पुढे थ्रॅसिमॅकस नावाचा एक वक्ता वादात उतरतो. न्याय म्हणजे बलवानाचं हित, असं तो ठणकावून सांगतो. आपल्याकडे 'बळी तो कान पिळी' म्हणतात, म्हणून आमच्या वर्गाला वाटलं की हे तर आपल्याला माहीतच आहे. पण नीट बघा. आपली म्हण जगात काय चालतं ते सांगते, सांगताना तिच्यात थोडी चीडही असते. थ्रॅसिमॅकस त्याच्या पुढे जातो. जे चालतं त्यालाच न्याय म्हणायचं असतं, असं तो म्हणतो. या दोन वाक्यांतला फरक ज्याला दिसला त्याला या विषयाची चावी सापडली. आणि सॉक्रेटिस लगेच चिडत नाही, उपदेश करत नाही. तो साधा प्रश्न विचारतो: सत्ताधारी चुकू शकतात का? चुकून त्यांनी स्वतःच्याच तोट्याचा हुकूम काढला, तर तो पाळणं न्याय ठरेल का? थ्रॅसिमॅकसची पंचाईत इथून सुरू होते.

तर नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं. गाईड फेकून देऊ नका, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते लागतं. पण वर्षातून एक मूळ ग्रंथ, अगदी त्यातलं एक प्रकरण का होईना, हळू वाचा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक परिच्छेद घ्या, मोठ्यानं वाचा, डिक्शनरी जवळ ठेवा आणि वहीत तो आपल्या मराठीत लिहा. पुस्तकी मराठीत लिहू नका. घरी आजीला सांगितलं असतं तसं लिहा. पहिल्या महिन्यात तासाला अर्धं पान होतं. चौथ्या महिन्यात दोन पानं होतात. त्यापेक्षा वेग वाढवायची गरज मला आजवर पडलेली नाही. आणि एकट्यानं वाचू नका. दोघं जरी असाल तरी चालेल, पण समोर कुणीतरी 'हे पटलं नाही' म्हणणारं हवं.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर मी प्लेटोच्याही आधी एक गोष्ट सुचवते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेलं भाषण. मराठीत सहज मिळतं, तासाभरात वाचून होतं. त्यात ते तीन इशारे देतात. सामाजिक-आर्थिक उद्दिष्टांसाठी घटनात्मक मार्गच धरावा, हा पहिला. दुसऱ्यात ते इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतात: माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये. तिसरा, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये, तिच्या तळाशी सामाजिक लोकशाही हवी. याच भाषणात ते म्हणतात की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

हे मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात वर्गात वाचते. दोन वर्षांपूर्वी गंगाखेडची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरात वारी आहे, जनाबाई तिच्या गावची. ती म्हणाली, "मॅडम, जनाबाई तर देवालाच दळायला बसवती. ती भक्ती माणसाला लाचार करणारी कुठंय?" वर्ग तासभर या एका प्रश्नावर बोलत राहिला. मोंढ्यात हमाली करणारा एक मुलगा म्हणाला की जनाबाईची भक्ती देवाला जाब विचारते, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर तळाला आपला फोटो लावणारे आम्ही काहीच विचारत नाही. मी त्या दिवशी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन. मिलचा मूळ उतारा पुढच्या तासाला वाचला, तेव्हा सगळ्यांना तो कळला.

शब्दांकडेही लक्ष ठेवा. मराठीत आपण 'राज्य' हा एकच शब्द शिवाजी महाराजांच्या राज्याला, महाराष्ट्र राज्याला आणि राज्यसंस्थेलाही वापरतो, आणि बोलताना सरकारलाही. राज्यसंस्थेवर लिहिणारा इंग्रज विचारवंत हॉब्ज वाचताना हा घोळ डोक्यात राहिला तर काही म्हणजे काही कळत नाही. सरकार बदललं तरी जी टिकते ती राज्यसंस्था, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'स्वातंत्र्य' या शब्दाचंही तसंच. इथे मात्र मराठवाड्याच्या मुलांची एक बाजू जमेची आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण निजामाच्या राज्यातून सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. त्या दिवसाला आपण स्वातंत्र्य दिन म्हणत नाही, मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. माझी आजी स्वतःचं वय रझाकारांच्या धामधुमीवरून मोजायची. कुणाच्या तावडीतून सुटणं आणि त्यानंतर आपला कारभार आपण चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारवंत इसाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन संकल्पनांची मांडणी केली, ती मला समजायला वेळ लागला नाही, कारण आजीच्या बोलण्यात दोन्ही होत्या.

मराठीत हा विषय शिकणं म्हणजे दुय्यम शिकणं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होऊन गेले. मनुस्मृती, संविधान, धर्मनिरपेक्षता यांवर त्यांनी आयुष्यभर विचार केला, तो मराठीत, मराठवाड्यातल्या गावोगावच्या सभांत उभं राहून. इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, त्याला इलाज नाही. पण विचार ज्या भाषेत भांडता येतं त्याच भाषेत पक्का होतो.

आता आमच्या चारीची गोष्ट सांगते, कारण न्यायावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स मला तिथे कळला.

२०१५ ची दिवाळी. पाऊस गेलेला, जायकवाडीत पाणी नाही, चारीत बाभळी उगवलेल्या. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा असा वाद त्या दिवसांत पेटलेला होता. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, तिच्यावर कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. मी सुट्टीला घरी आले होते आणि ओसरीवर बसून रॉल्सच्या १९७१ च्या ग्रंथातलं एक प्रकरण वाचत होते. आमचे आबा येऊन बसले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा.

"काय वाचायलीस गं एवढं?"

मी सांगायला लागले. समजा कालव्याचे नियम ठरवायला सगळे शेतकरी एकत्र बसले. पण अट अशी की कुणालाच आपली जमीन कुठे आहे ते माहीत नाही. हेडला, म्हणजे पाण्याच्या तोंडाशी, आहे की टेलला, दोन एकर आहे की चाळीस, नाशिककडे द्राक्षाचा बाग आहे की पाथरीत कोरडवाहू कापूस, काही माहीत नाही. डोळ्यांवर अज्ञानाचा पडदा. अशा वेळी तुम्ही कसले नियम मान्य कराल? आबांनी क्षणभरही घेतला नाही. "मंग माणूस टेलच्याचाच विचार करंल की. कोण जाणे आपण तिथंच निघालो तर." रॉल्सला जे सिद्ध करायला शेकडो पानं लागली त्यातला गाभा त्यांनी असा सांगितला: विषमता ठेवायचीच असेल तर ती सगळ्यांत खालच्याच्या फायद्याची ठरावी. मला फार आनंद झाला. मग त्या पडद्यामागे मी स्वतःलाही बसवून बघितलं. निफाडकडे माझा बाग असता आणि या वर्षीचं पाणी खाली गेल्यामुळे तो वाळला असता, तर? टेलच्या बाजूनं बोलायची मला सवय होती. हेडच्या माणसाचं म्हणणं त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं, आणि ते मांडल्यावरही समन्यायी वाटपच मला योग्य वाटलं. फरक इतकाच की आता का वाटतं ते सांगता येत होतं.

आबा उठता उठता म्हणाले, "बाई, हे कागदावर बराबर हाय. पण गेटची चावी कोणापाशी राहणार?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या चारीवर नियम होतेच की. टेलपासून पाणी सुरू करायचं, पाळीपाळीनं वर यायचं, सगळं लिहिलेलं होतं. रात्री हेडच्या लोकांनी दारं उचलली की नियम वहीत राहायचे. सुट्टीनंतर मी सरांना आबांचा प्रश्न सांगितला. ते हसले आणि अमर्त्य सेन यांचं २००९ चं न्यायावरचं पुस्तक ग्रंथालयातून काढून हातात दिलं. सेन संस्कृतातले दोन शब्द घेतात. 'नीती' म्हणजे नियम आणि संस्थांची चोख रचना, 'न्याय' म्हणजे लोकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय उतरलं ते. नुसती चोख रचना उभी करण्यावर रॉल्सचा भर आहे, असा त्यांचा आक्षेप. आबांची चावी ती हीच. मी एम.ए.चा प्रबंध याच विषयावर लिहिला.

पुढच्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. ज्या शहरात मी दोन वर्षं राहिले होते, तिथे घागर घेऊन पाच जण एकत्र उभे राहणं हा कायद्याचा प्रश्न झाला होता. वर्गात त्या आठवड्यात हॉब्ज चालू होता, वर सत्ता नसेल तर माणसं एकमेकांशी झुंजत राहतील असं म्हणणारा. तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

'लिबरल एज्युकेशन' हा शब्द नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून फार ऐकू येतो. २०२० च्या धोरणात बाणभट्टाच्या कादंबरीतल्या चौसष्ट कलांचाही उल्लेख आहे. ऐकणाऱ्याला वाटतं की हे पुण्या-मुंबईच्या महागड्या विद्यापीठांचं काम. मूळ शब्दाचा अर्थ स्वतंत्र माणसाला साजेसं शिक्षण. लॅटिनमधला 'लिबर' म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल, या त्या सात विद्या. ग्रीकांकडे 'स्कोले' या ज्या शब्दापासून शाळेला 'स्कूल' नाव पडलं, त्याचा अर्थच मोकळा वेळ. आणि हा मोकळा वेळ कुणाकडे होता? ज्याच्या घरी राबायला गुलाम होते त्याच्याकडे. अ‍ॅरिस्टॉटलनं गुलामगिरीचं समर्थन केलेलं आहे, ते झाकून त्याला शिकवता येत नाही.

म्हणून मला वाटतं, या शिक्षणाचा खरा अर्थ मराठवाड्यात जितका उघड होतो तितका इतर ठिकाणी होत नसेल. निजामाच्या काळात विद्यापीठ गाठायचं तर हैदराबाद, आणि शिकायचं उर्दूतून. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं. ज्यांना हजारो वर्षं शिकूच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी, आणि इतरांसाठीही. त्यांना तिथे फक्त कारकून घडवायचे असते तर वेगळं नाव दिलं असतं. त्यांनी नाव ठेवलं मिलिंद, आणि परिसर झाला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा आणि एक उत्तरं देणारा भिक्खू.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात एक जागा आहे, ती मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगते. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, नागसेनाला म्हणतो, माझ्याशी वाद कराल का? नागसेन म्हणतो, पंडितासारखा वाद करणार असशील तर करीन, राजासारखा करणार असशील तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात गाठी सोडवल्या जातात, एखाद्याची चूक दाखवली जाते, तो ती कबूल करतो आणि रागावत नाही. राजे एक बाजू मांडतात आणि जो ती मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. राजा म्हणतो, ठीक, मी पंडितासारखाच बोलेन.

पोलेमार्कसच्या 'ऐकलंच नाही तर?' या प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर मला पश्चिमेकडच्या कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही. बोलायला बसण्याआधी बळ बाजूला ठेवायचं कबूल करून घेतलं पाहिजे. दर गुरुवारी आम्ही काही जण एकत्र बसून वाचतो, त्या वाचनात हाच नियम आहे. कुणी आवाज चढवला, जात काढली किंवा 'तुला काय कळतंय' म्हणालं, की दुसरं कुणीतरी म्हणतं, "राजवाद चाललाय." मलाही दोनदा ऐकावं लागलं आहे. दोन्ही वेळा ते बरोबर होतं.

आता स्कोप. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. त्यावर सेट किंवा नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची किंवा देशपातळीवरची पात्रता परीक्षा. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, प्रत्येकी २ गुण, एकूण ३००, वेळ तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. ही परीक्षा निघते, तिला घाबरू नका. अवघड पुढचं आहे. कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि माझ्यासारखे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राहतात. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे काही नाही. एका वर्षी आमचं मानधन आठ महिने अडकलं होतं, मी शिकवण्या घेऊन भाडं भरलं. एकदा कायम जागेच्या मुलाखतीनंतर मला एक आकडा सांगण्यात आला, आबांची सगळी जमीन विकली तरी न भरणारा. मी उठून आले. हे लिहायला मला आवडत नाही, पण ज्या बापानं लेकीच्या फीसाठी कापूस आठ दिवस आधी विकला त्याला हे माहीत असण्याचा हक्क आहे. म्हणून प्राध्यापकी हा एकच रस्ता डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर मात्र संशोधनाची काही वर्षं पैशाच्या चिंतेशिवाय जातात, तिच्यासाठी मन लावून तयारी करा.

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी: यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, पहिल्याचा मोठा भाग राजकीय सिद्धांताचा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे ज्याला विचार करून चार पानं लिहिता येतात त्याला फायदा. पण अभ्यासिकेत बसलेल्या सगळ्यांना पोस्ट मिळत नाही, म्हणून आधी वर्षं ठरवा, दोन किंवा तीन, आणि घरच्यांना तसं सांगा. माझ्या बरोबरचे कोण कुठे आहेत? एक जण वकील आहे, जिल्हा न्यायालयात. दोघं पत्रकारितेत. एक मैत्रीण पाणी आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्थेत. कन्नडचा तो मुलगा त्याच्या गावचा उपसरपंच झाला, आणि ग्रामसभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तो सही करत नाही.

घरची स्थिती अगदीच नाजूक असेल तर बी.ए.बरोबर हाताला काही कौशल्य शिका, टायपिंग, टॅली, काहीही. त्यात कमीपणा नाही. पोट भरण्याचं शिक्षण आणि विचार करण्याचं शिक्षण ही एकमेकांची वैरी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. दुसरं पहिल्याच्या नंतर, जमलं तर, असं ठेवलं की ते कधीच येत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

परीक्षेबद्दल एकच. उत्तरात स्वतःचं मत लिहायचं का? लिहा, पण आधी विचारवंताचं म्हणणं इतकं नीट मांडा की तो स्वतः वाचता तरी 'हो, मी हेच म्हटलंय' म्हणाला असता. मी एका अंतर्गत परीक्षेत रूसोवर तावातावानं टीका लिहिली होती आणि २० पैकी ७ मार्क पडले होते. तेव्हा राग आला होता. पेपर पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की मी ज्याच्यावर टीका केली होती तो रूसो नव्हताच, गाईडातला कुणीतरी होता.

आणि दर आठवड्याला एक पान लिहा. कुणाला दाखवायला म्हणून लिहू नका, विचार कुठे अडतो ते कळावं म्हणून लिहा. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगी होती, आई-वडील मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर ती आईबरोबर गेली, कारण आईचं दुखणं काढायला आणि कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, भरायला दुसरं कुणी नव्हतं. मी तिला मिलचा 'ऑन लिबर्टी', १८५९ चा, शेवटच्या प्रकरणातले काही परिच्छेद मराठीत वाचून फोनवर रेकॉर्ड करून पाठवले. मिल तिथे म्हणतो की माणसानं स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार केला तर तो करार मानता येणार नाही, कारण स्वतंत्र न राहण्याचं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही.

गुढीपाडव्यानंतर ती परत आली. हाताला पाचटाचे ओरखडे होते. रेघांच्या वहीतलं एक पान तिनं दिलं, फडावर बॅटरीच्या उजेडात लिहिलेलं, अक्षर उतरतं. तिनं लिहिलं होतं: "मुकादमाची उचल माझ्या वडिलांनी राजीखुशीनं घेतली, सही केली. कुणी बळजबरी केली नाही. हंगाम संपला तरी ती फिटली नाही, म्हणून पुढच्या वर्षीही जावं लागणार. मिलच्या हिशोबानं हा करार मोडीत निघतो का? वडील म्हणतात, मोडला तर पुढच्या साली उचल कोण देणार. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचंही एकदम खरं असू शकत नाही."

मी तिच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: 'राजीखुशीनं' म्हणजे काय, यावर पुढचं पान लिही. येत्या गुरुवारी ती ते वाचणार आहे.